ताडपत्रावर चित्र काढायला शिकायचंय? आधी शिरोरेघ विसरा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरंपोरी भेटली की एकच विचारतात, ताई हे ताडपत्राचं काम कुठं शिकलीस, किती दिवस लागले, आणि पैसे मिळतात का. तिसऱ्या प्रश्नाला सगळे जरा लाजतात पण विचारतातच, आणि विचारायलाच पाहिजे. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

मी बेळगावातल्या शहापूरची. बाबा उद्यमबागेत लेथवर होते. शाळेत ड्रॉइंगची लोअर-हायर दिलेली, त्यापुढं काय करायचं ते माहीत नव्हतं. कॉलेजात असताना चिकोडी तालुक्यातल्या मैत्रिणीच्या गावी श्रुतपंचमीला गेले होते, हा जैनांचा सण, ज्येष्ठातली शुद्ध पंचमी, त्या दिवशी बस्तीतल्या म्हणजे जैन मंदिरातल्या पोथ्या बाहेर काढून पुसतात, नवीन वेष्टनात बांधतात, पूजा करतात. त्यात एक ताडपत्राची पोथी होती. तिथले आजोबा त्याला ताळेगरी म्हणत होते, तो कन्नड शब्द. बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागत होती, शाईनं लिहिलेली नव्हती, कोरलेली होती. झालं, डोक्यात बसलं.

चित्रं असलेली पोथी मात्र तिथं नव्हती. चित्रांसाठी आपल्या कर्नाटकात मूडबिद्रीचं नाव घ्यायला हवं, तिथं धवला या जैन ग्रंथाच्या ताडपत्री प्रती आहेत, 12व्या शतकातल्या, त्यात रंगीत चित्रं आहेत. पण ती ब्रशनं रंगवलेली. बंगाल-बिहारकडच्या पालकाळातल्या बौद्ध पोथ्याही तशाच. कोरून चित्र काढायची परंपरा आज रोजच्या धंद्यासारखी चालू बघायची तर ओडिशात जायचं, पुरीजवळच्या रघुराजपूरला. 2000 साली इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेनं त्याला हेरिटेज गाव केलं. ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्र त्याच गावचे. गावात जवळपास घरटी कुणी ना कुणी चित्रकार, आणि घरांच्या भिंतीसुद्धा रंगवलेल्या.

जायचं कसं तर लोंढ्याहून अमरावती एक्सप्रेस. (हे अमरावती आंध्रातलं बरं का, आमच्या मावशीला वाटलं मी विदर्भात चाललेय.) खुर्दा रोडला उतरून पुरीची गाडी पकडायची. रघुराजपूरला कोर्स, हॉस्टेल, सर्टिफिकेट असलं काही डोक्यात ठेवून जाऊ नका. मी आधी एकदा चार दिवस नुसती बघायला गेले, तीनचार घरांत बसले, आणि ज्या घरात मला पाहुणी म्हणून चहा द्यायचं बंद करून पानं पुसायला दिली तिथं राहायचं ठरवलं. पैशांचं पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला, जेवणाखाणाचे किती, शिकवण्याचे किती. ते आपणहून मागत नाहीत आणि मग दोन्हीकडं कुचंबणा होते. भाषेचं टेन्शन घेऊ नका, हिंदी चालते, आणि गुरुजी काही बोलले की मान हलवून “आज्ञा” म्हणायचं, ओडियात तोच आदराचा होकार.

आता खरं काम. चित्र काढणं हा शेवटचा टप्पा आहे, हे कुणी सांगत नाही. ताडाच्या पानाची मधली शीर काढून टाकायची, पट्ट्या कापायच्या, हळदीच्या पाण्यात उकळायच्या, सावलीत वाळवायच्या, मग दाबून सपाट करायच्या. हळद किडीसाठी. जुन्या पद्धतीत पानं चुलीच्या वर धुरात टांगून ठेवतात. पट्टी साधारण 3-4 सेंटिमीटर रुंद, श्रीताल नावाच्या दुसऱ्या ताडाची जास्त रुंद असते. मोठं चित्र हवं असेल तर अशा पट्ट्या एकाखाली एक दोऱ्यानं शिवतात, घडी घातली की पंख्यासारखी मिटते. पहिले तीन आठवडे मी फक्त पानं आणि दोरा यातच होते, आईला फोनवर सांगायची लाज वाटायची.

कोरायचं लोखंडी लेखणीनं. शब्द आपलाच. पेनासारखी धरून लिहायला गेलात तर पान फाटतं. डाव्या अंगठ्याचा टेकू द्यायचा, लेखणी जागेवर जवळजवळ स्थिर आणि खालचं पान हळूहळू सरकवायचं. जोर मनगटातून नाही. कमी पडला तर काजळ धरत नाही, जास्त झाला तर आरपार. खोडायला काहीच नाही. कोरताना रेघ नीट दिसतच नाही, रेघ पानाच्याच रंगाची, जवळपास आंधळं काम. शेवटी दिव्याच्या काजळीत तेल घालून ते पानावर चोळायचं, वरचं पुसून घ्यायचं, खाचेतलं तेवढं राहतं आणि चित्र एकदम वर येतं. तो क्षण भारी असतो आणि भयानकपण, कारण महिनाभराच्या सगळ्या चुका त्याच वेळी दिसतात.

माझी सगळ्यात मोठी चूक ऐका. चित्राखाली नाव म्हणून मी ऐटीत देवनागरीत “श्रीगणेश” कोरलं आणि शिरोरेघ ओढली, तर पान त्या रेघेवर टर्रकन चिरलं! गुरुजी हसले. पानाचे धागे लांबीला धावतात, त्या दिशेनं सरळ रेघ मारली की सुरी फिरवल्यासारखं होतं. ओडिया, कन्नड, मल्याळम अक्षरं गोल गोल का, त्याचं कारण हेच सांगतात. देवनागरीतल्या जुन्या ताडपत्री पोथ्या गुजरात-राजस्थानकडं आहेत पण त्या शाईनं लिहिलेल्या. मोडी तर विचारूच नका, तिच्यात आधी आख्खी रेघ ओढतात आणि मग अक्षरं टांगतात. घरी येऊन हे सांगितलं तर काका म्हणाले, म्हणजे ताडाचं झाडपण कन्नडच्याच बाजूनं व्हय? आमच्याकडं दुकानाच्या पाटीवरून भांडणं होतात, त्यात ही भर. आता मी मराठी कोरते ती शिरोरेघ न देता, आणि लोकांना आधी गुजराती वाटते.

परत आल्यावर नवीन अडचणी. इकडं ताड शोधून मिळत नाही, माडाच्या झावळीवर प्रयोग केला, वाया. पानं तिकडूनच मागवते. आणि आपला पाऊस! पहिल्या जूनमध्ये कपाटातल्या तयार पानांवर बुरशी आली, हळद असूनही. तेव्हापासून पावसाळ्यात पानं खानापुराकडच्या आजीच्या घरी, चुलीवरच्या माळ्यावर. आजीला वाटतं मी भाकरीसाठी येते. लेखणीचं मात्र आपल्याकडं सुख. “काय करायलीस गं हे, पोट भरतंय काय यानं?” असं रोज म्हणणाऱ्या बाबांनीच ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बसून टूल स्टीलची टोकं घासून दिली, तीन जाडीची, आणि ती गुरुजींनीसुद्धा दोन मागून घेतली.

पैशांचं. पोट फक्त यावर भरत नाही, निदान माझं अजून नाही, सकाळी शाळेत ड्रॉइंग शिकवते. छोट्या बुकमार्कांना गिऱ्हाईक असतं, मोठ्या पटाला वर्षातून एखादं. लेसरवर कोरलेल्या पानांच्या लग्नपत्रिका स्वस्तात मिळतात, त्यांच्याशी रेटमध्ये भांडू नका, हरता. पीएम विश्वकर्मा या केंद्राच्या कारागीर योजनेच्या मागं धावण्यात अर्थ नाही, त्यातल्या 18 धंद्यांत चित्रकार नाही. केंद्राच्या हस्तशिल्प खात्याचं कारागीर ओळखपत्र मात्र काढा, मेळ्यात स्टॉल मागताना लागतं. ओडिशाच्या पट्टचित्राला, म्हणजे तिथल्या पारंपरिक चित्रशैलीला, जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तेव्हा शहापुरात बसून काढलेलं त्या नावानं विकू नका. पोथ्या जपायच्या कामातही वाव आहे, 2025 च्या बजेटमध्ये ज्ञान भारतम मिशन जाहीर झालं, एक कोटीहून जास्त हस्तलिखितांचं सर्वेक्षण आणि जतन. पण तिथं नुसता हात चालत नाही, हळेगन्नड (जुनी कन्नड) नाहीतर मोडी नाहीतर नंदिनागरी, एखादी जुनी लिपी वाचता यायला पाहिजे. मी नंदिनागरी सुरू केलीय, फार हळू चाललंय.

आणि एक, जुनं पान चुकूनही वापरू नका. एका व्यापाऱ्यानं मला जुन्या पोथीची सुटी पानं आणून दिली, म्हणाला अक्षरांवरूनच चित्र कोर, अँटिक म्हणून खपतंय. 75 वर्षांहून जुनं मोलाचं हस्तलिखित 1972 च्या कायद्यात पुरावस्तू धरलं जातं, देशाबाहेर न्यायलाही बंदी. मी पानं परत केली. तो बोलत नाही माझ्याशी.

सध्या दशावताराचा एक पट चालू आहे, दहा पट्ट्या, वराहापर्यंत आलेय. वामनाच्या पट्टीला कडेला बारीक चीर दिसतेय, ती बहुतेक बदलावी लागणार.