कळलावी फुलात असतानाच खूण करून ठेवा

जुलै ते सप्टेंबरात बांधावर, कुंपणात, करवंदीच्या जाळीत कळलावी ही विषारी वेल फुलते. कुणी हिला खड्यानाग म्हणतं, कुणी अग्निशिखा. कुरळ्या कडांच्या सहा पाकळ्या वर वळलेल्या. आधी हिरवट, मग खाली पिवळ्या नि वर लाल, शेवटी लालभडक. फुलात असताना ओळख चुकत नाही. घोटाळा होतो दिवाळीनंतर. वेल वाळून जाते, मातीत कंद तेवढा उरतो आणि नेमकं तेव्हाच आपण कोनफळं, करांदे हे खायचे कंद खणायला निघतो.

म्हणून आत्ताच जागा हेरून काठी रोवा. फूल नसेल तर पान बघा. कळलावीचं पान लांबट, जवळजवळ बिनदेठाचं, आणि त्याचं टोकच तणावा होऊन आधाराला गुंडाळतं. करांदा आणि कोनफळाचं पान लांब देठाचं, हृदयाच्या आकाराचं. टोकाला तणावा नाही. कळलावीचा कंद बहुधा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुफाटी असतो, पण खणताना तुटलेल्या तुकड्यावरून हे कळणार नाही. शंका आली की तो कंद घरात नेऊच नका.

हिच्या सर्व भागांत कोल्चिसीन हे विष असतं, कंदात आणि बियांत जास्त. उकडून, भाजून ते जात नाही. ते पेशींचं विभाजन रोखतं, त्यामुळे आतडी आणि अस्थिमज्जा यांना मोठा फटका बसतो. तामिळनाडूत शेतकरी बियांसाठी हिची लागवड करतात, वातरक्तावर (गाऊट या सांधेदुखीवर) डॉक्टर कोल्चिसीन देतात, हे खरं. पण ते मोजून, मिलिग्रॅमच्या हिशोबात. बाळंतपण लवकर व्हावं म्हणून कंद उगाळून देणं हा जिवाशी खेळ आहे.

पोटात गेल्यावर पहिले काही तास काहीच जाणवत नाही. मग घशाची जळजळ, उलट्या, जुलाब. ते थांबले म्हणजे निभावलं असं समजू नका. खरा धोका पुढच्या दोन-तीन दिवसांत असतो. सहज मिळेल असा उतारा नाही. मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका, लक्षणांची वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि उरलेला कंद डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

जनावरं उभ्या वेलीला सहसा तोंड लावत नाहीत, पण कुट्टीत चिरून गेली तर त्यांना निवडता येत नाही. बांधावरचं गवत कापताना वेल वेगळी काढा. अंगणातली काढायची तर हातमोजे घालून अख्खा कंद उचला, तुकडा राहिला तर पुन्हा फुटते. शेंगा तडकण्याआधीच तोडा. आतल्या तांबड्या बिया लहान मुलं हमखास उचलतात. डोंगरातली मात्र उपटू नका. कंदांसाठी खणून खणून ती तिथे आधीच कमी झाली आहे.