कार्ड नसताना शिकलेलं रे ट्रेसिंग

2018 साली आमच्या घरात एकच बातमी गाजली: सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. बाबांची मार्केट यार्डात अडत, त्यामुळे दुकानात पेढे वाटले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एनव्हिडियाने जर्मनीत कोलोनला आरटीएक्स 20 मालिकेची ग्राफिक्स कार्डं जाहीर केली. मी ते मोबाईलवर बघत बसलो होतो. बॅटलफिल्ड 5 या गेमच्या डेमोत मोटारीच्या पत्र्यावर आगीचं प्रतिबिंब पडत होतं आणि ती आग स्क्रीनवर कुठेच नव्हती. तोवरच्या गेममध्ये प्रतिबिंब साधारणपणे स्क्रीनवर दिसणाऱ्या चित्रातूनच उचललं जायचं. कॅमेरा फिरला की तळ्यातला डोंगर गायब! हे नवं तंत्र म्हणजे रे ट्रेसिंग: उजेडाचा किरण कुठे कुठे आपटतो ते मोजून चित्र काढायचं. त्या दिवशी ठरवलं, हेच शिकायचं.

कार्ड मात्र नव्हतं, आणि मागायची सोयही नव्हती. आज कॉलेजातली मुलं मला विचारतात, "दादा, कुठलं कार्ड घेऊ?" मी सांगतो, आत्ता कुठलंच नको.

माझ्याकडे दुकानातला जुना पीसी होता. दिवसा त्यावर टॅली, रात्री मी. पीटर शर्ली यांचं रे ट्रेसिंगवरचं छोटं इंग्रजी पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. ते उघडून सी प्लस प्लसमध्ये एक गोळा काढायला घेतला. किरण म्हणजे एक बिंदू आणि एक दिशा. किरण गोळ्याला लागतो का, हे काढायला दहावीचं वर्गसमीकरण पुरतं. विवेचक ऋण आला की नेम चुकला. मराठी माध्यमात घोकलेला 'विवेचक' असा कामाला येईल, असं वाटलं नव्हतं.

पहिलं मोठं चित्र रात्रभर चालवलं आणि पहाटे लाइट गेली. मी फाईल सगळ्यात शेवटी लिहीत होतो, म्हणजे हाती शून्य. तेव्हापासून चित्राची प्रत्येक ओळ तयार झाली की लगेच डिस्कवर. हे तुम्ही पहिल्या दिवसापासून करा. दुसरा फटका काळ्या ठिपक्यांचा: पृष्ठभागावरून निघालेला किरण त्याच पृष्ठभागाला पुन्हा आपटतो आणि गोळ्यावर देवी आल्यासारखं दिसतं. सुरुवातीचा बिंदू केसभर बाहेर सरकवला की जातं. मला ते कळायला आठवडा लागला.

आता खरा मुद्दा. हे काम किरण सोडण्याचं कमी आणि वाचवण्याचं जास्त आहे. टर्नर व्हिटेड यांनी 1980 मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा एकेका चित्राला पाऊण तास ते दोन तास लागायचे. गेमला सेकंदाला 60 चित्रं द्यायची तर एकाला जेमतेम 16 मिलीसेकंद मिळतात. फुल एचडी पडद्यावर 20 लाख 73 हजार 600 ठिपके, म्हणजे पिक्सेल असतात. प्रत्येकाला एकच किरण दिला तर चित्रावर रवा सांडल्यासारखे कण दिसतात. ते निम्मे करायचे तर किरण दुप्पट नव्हे, चौपट लागतात. म्हणून थोडेच किरण सोडायचे, मागच्या फ्रेममधली, म्हणजे आधीच्या चित्रातली माहिती वापरायची आणि उरलेला रवा डिनॉयझरने, म्हणजे कण पुसणाऱ्या प्रोग्रॅमने चाळायचा. आपल्या आया महिनाअखेर चालवतात तसाच हा हिशेब.

किरण कशाला लागला ते पटकन शोधायच्या मांडणीला बीव्हीएच म्हणतात. ते मला बाबांच्या गोदामात समजलं. एखाद्या शेतकऱ्याचं पोतं शोधायचं तर हमाल हजार पोती उलटत नाही. आधी गोदाम, मग थप्पी, मग पोतं. बीव्हीएच हेच करतं: वस्तू ज्यांची बनलेली असते ते छोटे त्रिकोण डब्यांत, डबे मोठ्या डब्यांत. किरण मोठ्या डब्याला लागलाच नाही तर आतलं काहीच बघायचं नाही. कार्डातल्या ज्या भागांना आरटी कोअर म्हणतात ते मुख्यतः ही डबा आणि त्रिकोणाची तपासणी भराभर करतात. बाकी रंग, पोत, उजेडाचा हिशेब आपणच लिहिलेल्या शेडरला, म्हणजे कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला करावा लागतो.

आणि जीआय. आमच्या ग्राफिक्सच्या धंद्यात त्याचा अर्थ ग्लोबल इल्युमिनेशन, म्हणजे एका वस्तूवर आपटून दुसरीवर जाणारा उजेड. सौद्याच्या वेळी बाबा हळदीच्या ढिगाशेजारी उभे असतात. ऊन ढिगावर पडलं की त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची खालची बाजू पिवळसर दिसते. हळद लागलेली नसते, उजेड लागलेला असतो. एकदा हे दिसलं की बाहेर हिंडणं हाच अभ्यास होतो. सांगलीच्या आयर्विन पुलावरून कृष्णेत सरळ खाली बघा, मग दूरवर बघा. सरळ खाली बघताना पाणी जेमतेम 2 टक्के उजेड परत पाठवतं, तिरक्या नजरेला तेच आरसा होतं. मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन पॉलिश केलेला भोपळा बघा. खाली लाकडी रंग, वर चकचकीत थर, दोन्हींची चमक वेगवेगळी.

हे सगळं मी पहिल्या मुलाखतीआधी शिकायला हवं होतं. पुण्यातल्या त्या स्टुडिओत मी असा सीन दाखवला, ज्यात फरशी, भिंत, टेबल सगळंच आरशासारखं. समोरच्या बाई म्हणाल्या, "पुसून ठेवलंय छान." नोकरी मिळाली नाही. पुढच्या ठिकाणी विचारलं, रिफ्लेक्शनसाठी 2 मिलीसेकंद दिले तर काय कराल? मी म्हणालो, गुळगुळीत पृष्ठभागांनाच किरण देईन, खडबडीत भागाला आधी साठवलेला उजेड चालवेन, आणि तेही निम्म्या रिझोल्यूशनवर. तिथे जमलं.

कामाला तोटा नाही. 2020 च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्सच्या नव्या मालिकेमुळे हे तंत्र दिवाणखान्यात आलं, 2022 पासून काही फोनमध्येही. डिसेंबर 2024 चा इंडियाना जोन्सचा गेम आणि मे 2025 चा डूम हे रे ट्रेसिंगच्या हार्डवेअरशिवाय चालतच नाहीत. पण फोनवर मिळणारे किरण मोजकेच, म्हणजे पुन्हा काटकसर आलीच.

पोर्टफोलिओत एकच खोली ठेवा, एका खिडकीची. शेजारी प्रत्येक टप्प्याला किती मिलीसेकंद लागले ते लिहा. ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरमधलं सायकल्स किरण मोजूनच चित्र काढतं आणि कार्डाशिवाय साध्या प्रोसेसरवरही चालतं, वेळ लागतो इतकंच. त्यात तीच खोली बनवून आपल्या चित्राशी ताडून पाहा. कार्ड मी पहिल्या पगारातून नाही, आठव्या पगारातून घेतलं, तेही जुनं. तुम्ही घ्याल तेव्हा मेमरी आधी बघा. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, आणि बीव्हीएच मिळून तीच पहिली संपते.