घरातील उंदीर कसे घालवावेत : आधी वाटा बुजवाव्यात, मग सापळा, विष सर्वांत शेवटी

घरात उंदीर दिसला की बहुतेक कुटुंबांत त्याच संध्याकाळी दुकानातून विषारी केक किंवा चिकट पुठ्ठा आणला जातो, एक-दोन उंदीर मरतात आणि काही आठवड्यांनी ट्रॉलीखाली पुन्हा लेंड्या दिसू लागतात. असे होते, कारण उंदीर ज्या वाटेने आला ती वाट आणि ज्या अन्नासाठी आला ते अन्न दोन्ही जिथल्या तिथे असतात. घरउंदराच्या मादीचा गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा असतो, एका वेतात साधारण पाच-सहा पिल्ले होतात आणि ती पिल्ले सुमारे सहा आठवड्यांत स्वतः विण्याच्या वयात येतात. या वेगाशी केवळ मारण्याने स्पर्धा करता येत नाही. म्हणून पुढे दिलेला क्रम पाळावा. तो उलटा केला तर श्रम आणि पैसे दोन्ही वाया जातात.

पाहुणा कोण आहे ते ओळखावे

महाराष्ट्रातील घरांत प्रामुख्याने चार प्राणी येतात आणि चौघांचा उपाय एक नाही. लहान घरउंदीर अंगठ्याएवढ्या देहाचा, मोठ्या कानांचा, वजनाने साधारण २० ग्रॅमचा असतो. त्याच्या लेंड्या ३ ते ६ मिलिमीटर लांब, तांदळाच्या दाण्यासारख्या आणि टोकदार असतात. काळा उंदीर त्याच्या कितीतरी पट मोठा, शरीरापेक्षा लांब शेपटीचा आणि चढण्यात पटाईत असतो. कौले, माळा, डक्टमधील पाइप आणि खिडकीला टेकलेली फांदी या त्याच्या वाटा. घूस जमिनीत पोखरते, जोत्याशी मातीचा ढीग टाकते आणि बहुधा गटारातून किंवा तळमजल्याच्या मोरीतून आत शिरते.

चौथी चिचुंद्री, जी उंदीरच नाही. लांब निमुळते तोंड, बारीक डोळे, उग्र वास आणि भिंतीच्या कडेने पळताना होणारा चिक्‌चिक् आवाज यांवरून ती ओळखू येते. तिचे खाणे झुरळे आणि किडे हे असल्याने धान्याच्या विषारी आमिषाकडे ती क्वचितच वळते; झुरळे कमी करून मोरीला जाळी बसवली की तिचे येणे थांबते. तिला मारण्याच्या खटपटीत पडू नये असे माझे मत आहे.

फिरण्याच्या वाटा शोधाव्यात

उंदीर मोकळ्या जागेतून सहसा जात नाही. भिंतीला अंग घासत तो त्याच त्या वाटेने जातो, त्यामुळे वापरात असलेल्या वाटेवर भिंतीच्या तळाशी तेलकट काळपट पट्टा दिसतो. रात्री झोपण्यापूर्वी फ्रिजच्या मागे, ओट्याखाली, सिलिंडरच्या कोपऱ्यात आणि माळ्यावर थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि सकाळी विजेरी तिरपी धरून पावलांच्या खुणा पाहाव्यात. ताज्या लेंड्या काळ्या आणि मऊसर असतात, जुन्या करड्या होऊन चुरा होतात. घरउंदीर आपल्या घरट्यापासून फार लांब जात नाही, बहुतेक वेळा दहा मीटरच्या आतच त्याचा सारा वावर असतो. म्हणून लेंड्या जिथे सर्वांत दाट असतात त्याच्या आसपासच घरटे असते. फ्रिजच्या मोटरजवळची ऊब, जुन्या गाद्या, रद्दीचे गठ्ठे आणि सणाचे सामान ठेवलेली खोकी या जागा आधी तपासाव्यात.

या तपासणीत गॅसची नळी अवश्य पाहावी. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी तो सतत काहीतरी कुरतडतो. साधी रबरी नळी त्याला सहज कुरतडता येते. आत तारेची वीण असलेली, अधिकृत वितरकाकडे मिळणारी सुरक्षा नळी बसवावी आणि तीही पाच वर्षांनी बदलावी. नळीवर दातांच्या खुणा दिसल्यास रेग्युलेटर लगेच बंद करावा. गॅसचा वास येत असेल तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता दारे-खिडक्या उघडाव्यात, घराबाहेर पडावे आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

खाणे आणि आसरा तोडावा

घरउंदराला दिवसाला तीन-चार ग्रॅम अन्न पुरते; म्हणजे ओट्याखाली सांडलेले चिमूटभर पोहे आणि देवापुढे रात्रभर राहिलेला नैवेद्य एवढ्यावर त्याचे भागते. धान्य, रवा, शेंगदाणे आणि सुकी मासळी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यांत ठेवावी. गोणी आणि पातळ प्लास्टिकचे डबे तो फोडतो. तांदळाची गोणी वापरणे अपरिहार्य असेल तर ती भिंतीपासून वीतभर दूर, पाटावर किंवा स्टँडवर ठेवावी. ओला कचरा रात्री घरात उघडा राहू नये, कुत्र्या-मांजराचे ताट झोपण्यापूर्वी उचलावे, शेगडीच्या मागची आणि ट्रॉलीच्या रुळांखालची सांडलवंड पुसावी. रद्दी आणि रिकामी खोकी काढून टाकावीत, कारण घरट्यासाठी लागणारा कागद-कापूस त्यांतूनच मिळतो.

हे काम कंटाळवाणे असले तरी सापळ्याचे यश त्यावरच ठरते, कारण सभोवती भरपूर खाणे पडलेले असताना सापळ्यातल्या तुकड्याकडे उंदीर कशाला येईल?

भोके बुजवावीत

साऱ्या उपायांत हा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच लोक सर्वांत कमी करतात. सुमारे ६ मिलिमीटरची फट, म्हणजे जिच्यात शिसपेन्सिल जाते तेवढी, लहान उंदराला पुरते. मोठ्या उंदराला रुपयाच्या नाण्याएवढे भोक लागते. म्हणून हातात पेन्सिल घेऊन घराची बाहेरून आणि आतून फेरी मारावी आणि जिथे ती आत जाते ती प्रत्येक जागा खडूने खुणावून ठेवावी.

शहरातील सदनिकांत पुढील जागी हमखास वाट सापडते: सिंकचा पाइप भिंतीत शिरतो ते भोक, एसीच्या नळ्यांभोवतीची मोकळी जागा, वॉशिंग मशिनचे पाणी सोडलेली उघडी नहाणी, डक्टकडे उघडणारी तुटक्या काचेची खिडकी, एक्झॉस्ट पंख्याची पोकळी आणि मुख्य दाराखालची फट. यांत ट्रॉलीच्या मागची भिंत विशेष फसवी असते, कारण पाइप बदलताना प्लंबरने फोडलेले भोक तिथे वर्षानुवर्षे तसेच राहते आणि ट्रॉली पूर्ण बाहेर काढल्याशिवाय दिसतही नाही.

बुजवताना साहित्याची निवड नीट करावी. कापडाचा बोळा, थर्माकोल, फेस फवारून भरणारा फोम किंवा नुसते सिलिकॉन उंदीर एका रात्रीत कुरतडून काढतो. लहान भोकात भांडी घासण्याची तारेची घासणी घट्ट दाबून भरावी आणि वरून सिमेंट किंवा घट्ट होणारी इपॉक्सी लुकण लावावी; दमट जागी साधी लोखंडी घासणी गंजते, म्हणून स्टेनलेस स्टीलची घ्यावी. मोठ्या भोकाला जस्ताचा मुलामा असलेली, ६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक चौकटीची जाळी ठोकून त्यावर सिमेंट चढवावे. मोरी आणि नहाणीला स्क्रूने बसणारी स्टीलची जाळी लावावी. नुसती टेकवलेली जाळी घूस खालून उचलते. लाकडी दार खालून कुरतडलेले असेल तर तळाशी ॲल्युमिनियमची किंवा पत्र्याची पट्टी ठोकावी.

कोकणातील कौलारू घरांत प्रत्येक फट बुजवणे शक्य नसते हे मान्यच करावे लागेल. तिथे छपराला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात, वाशांच्या टोकांशी आणि भिंतीच्या माथ्यावर जाळी लावावी, आणि धान्याची खोली तेवढी पूर्ण बंदिस्त करावी. अशा घरांत उंदरांची विशेष काळजी घेण्याचे आणखी एक कारण आहे: उंदरांच्या मागावर नाग आणि घोणस घराजवळ येतात. धामण दिसली तर तिला मारू नये. ती बिनविषारी असून उंदीर हेच तिचे मुख्य खाणे आहे.

सापळे लावावेत

बाहेरच्या वाटा बंद झाल्या की आत अडकलेल्यांना पकडणे सोपे जाते. लहान उंदरासाठी चाप सर्वांत चांगला. तो नीट बसला तर मृत्यू क्षणात येतो. चाप भिंतीशी काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे येईल असा ठेवावा. एकच चाप लावून वाट पाहू नये. खुणा दिसलेल्या भागात दोन-तीन मीटर अंतराने अनेक चाप एकाच रात्री लावावेत. आमिष म्हणून भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा, भज्याचा तुकडा, सुक्या बोंबलाचे टोक किंवा शेंगदाण्याचा चिकट कूट चालतो. ते हरभऱ्याएवढेच घ्यावे आणि आमिषाच्या जागी दोऱ्याने बांधावे, म्हणजे उंदीर ते अलगद उचलून नेऊ शकत नाही.

मोठा काळा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी चाप किंवा पिंजरा तीन-चार दिवस आमिषासह, पण न ताणता ठेवावा आणि तो निर्धास्तपणे खाऊ लागला की मगच ताणावा. पिंजऱ्याला आदल्या उंदराचा वास लागतो म्हणून दुसरा येत नाही असे सांगितले जाते, परंतु आमिष शिळे झालेले असणे किंवा पिंजरा चुकीच्या जागी असणे हीच कारणे अधिक वेळा आढळतात.

गणपतीचे वाहन म्हणून अनेक घरांत उंदीर मारत नाहीत, आणि त्या भावनेचा मान राखून पिंजरा वापरता येतो. मात्र पिंजरा सकाळ-संध्याकाळ तपासावा. आत अडकलेला जीव अन्नपाण्यावाचून दिवसभर ठेवणे किंवा पिंजरा बादलीत बुडवणे ही क्रूरता आहे. शेजारच्या इमारतीच्या आवारात उंदीर सोडणे म्हणजे आपला त्रास दुसऱ्याच्या दारी टाकणे. मुंबईत विभाग कार्यालयातील कीटक नियंत्रण अधिकाऱ्याकडे आणि इतरत्र पालिकेच्या आरोग्य विभागाकडे याबाबत विचारणा करावी.

चिकट पुठ्ठा वापरू नये. त्याला चिकटलेला उंदीर तासन्‌तास तडफडतो, भीतीने मलमूत्र सोडतो आणि घरातील पाल, चिमणी किंवा मांजराचे पिल्लूही त्यात अडकते. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानेही त्याच्या वापराविरुद्ध भूमिका घेतलेली आहे.

आवाजाच्या लहरी सोडणारी यंत्रे, डांबरगोळ्या, पुदिन्याचे तेल आणि तुरटी यांवर फार विसंबू नये. उंदीर दोन-चार दिवस दूर राहतो आणि सवय झाली की परततो. डांबरगोळ्या तर लहान मुलांच्या हाती लागल्यास घातक ठरतात.

विष वापरायचेच झाले तर

घरात रांगते मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर विष आणूच नये. इतरांनी ते आणताना वेष्टन वाचावे. बाजारातील केकमध्ये बहुधा ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोन असते. त्याने रक्त गोठण्याची क्रिया थांबते आणि उंदीर साधारण तीन ते सात दिवसांनी मरतो. तोवर तो भिंतीच्या पोकळीत किंवा छताच्या आत गेलेला असतो आणि मग दुर्गंधीचा स्रोत सापडत नाही. असा उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर विष त्यांच्याही शरीरात जाते. केक उघड्यावर न ठेवता कुलूप लागणाऱ्या आमिषपेटीतच ठेवावा.

झिंक फॉस्फाइडची भुकटी आणि पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणू नये. ब्रोमॅडिओलोनवर जीवनसत्त्व के-१ हा उतारा तरी आहे. या दोहोंवर नेमका उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसच्या विषबाधेत सुरुवातीची उलटी थांबून एक-दोन दिवस बरे वाटते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते, म्हणून ‘आता ठीक आहे’ असे समजून घरी थांबणे जिवावर बेतते. धान्यात घालण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. कोणाच्याही पोटात कोणतेही उंदीरनाशक गेल्याची शंका आल्यास उलटी करवू नये, दूध, तूप किंवा मीठपाणी पाजू नये. वेष्टन सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

साफसफाई आणि मेलेला उंदीर

लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नयेत, कारण वाळलेल्या मलमूत्राची धूळ श्वासात जाते. खोली अर्धा तास हवेशीर करावी, रबरी हातमोजे आणि मुखपट्टी घालावी, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे द्रावण शिंपडून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि मग कागदाने टिपून पिशवीत बांधावे. ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे आम्ल मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पावसाळ्यात ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण उंदराच्या लघवीतून पाण्यात उतरणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या साध्या खरचटलेल्या जागेतूनही शरीरात शिरतात. साचलेल्या पाण्यातून चालणे झाल्यास पाय साबणाने धुवावेत आणि प्रतिबंधक औषधाबाबत तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारावे.

सापळा किंवा विष न लावताही आवारात एकाएकी अनेक उंदीर मरून पडू लागले, तर त्यांना हात न लावता पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला कळवावे. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले तेव्हा तिथल्या वखारींत उंदीर मरत होते, आणि १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातही प्लेगची साथ आली. मेलेल्या उंदराचे शरीर थंड पडले की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे शरीर शोधू लागतात.

पुढे काय पाहावे

सर्व सापळे सलग दोन आठवडे रिकामे राहिले आणि टाल्कमवर एकही पाऊल उमटले नाही, तर घर मोकळे झाले असे समजावे. इमारतीत राहणाऱ्यांनी डक्ट, कचऱ्याची खोली आणि गच्चीवरच्या टाकीच्या झाकणांचा विषय सोसायटीच्या सभेत मांडावा, कारण एका घराने भोके बुजवली की उंदीर वरच्या मजल्यावर जातात. जूनमध्ये बिळांत पाणी शिरते तेव्हा उंदीर घरांकडे वळतात. म्हणून मेअखेरीस पेन्सिल घेऊन तीच फेरी पुन्हा मारावी आणि सैल झालेल्या जाळ्यांचे स्क्रू आवळून घ्यावेत.