घरच्या अँप्लिफायरला स्पीकर घेताना

टीडीए २०३० या आयसीचा (आवाज वाढवणाऱ्या चिपचा) अँप्लिफायर आपण हौसेने जोडतो, स्पीकर मात्र वॉट बघून आणतो; मग दहा बाय दहाच्या खोलीतही आवाज दबका येतो. वॉट नको, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच पॉवरला स्पीकर किती डेसिबल आवाज देतो ते. ८४ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतलात, तर तेवढ्याच आवाजाला पाव पॉवर पुरते. एवढा फरक खरंच पडतो!

दुकानात मल्टिमीटर न्या. ८ ओहमचा स्पीकर त्यावर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५. मग कोन, म्हणजे स्पीकरचा पुढचा पडदा, दोन्ही अंगठ्यांनी अलगद, सरळ आत दाबा. खरखर लागली की आतली कॉइल (तारेची गुंडाळी) घासतेय, परत ठेवा.

स्पीकर जोडण्याआधी अँप्लिफायरच्या आउटपुटवर डीसी (एकाच दिशेचा) व्होल्टेज मोजा. काही मिलिव्होल्ट चालतील. व्होल्टात दिसलं तर जोडूच नका, कॉइल जळते.