कॅम्पिंगसाठी छोटी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) की मोठी?

आधी गाडी बघू नका, सामान मोजा. गाडीचं कमाल मान्य वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन यांची वजाबाकी म्हणजे तुमची खरी भारमर्यादा. समजा ती ४०० किलो आली. चार माणसं २८० किलो, टपावरचा तंबू ६०, पाणी ४० लिटर म्हणजे आणखी ४०. उरले २० किलो, आणि फ्रिज, जादा बॅटरी, शेगडी अजून बाहेरच! एवढा भार झाला की मागची बाजू बसते आणि प्रत्येक खड्ड्यात आपटते. जाड स्प्रिंगा टाकून उंची परत मिळते, भारमर्यादा नाही.

टपाचा हिशोब वेगळा. तिथे टपाच्या भारमर्यादेचा, चालत्या गाडीसाठी दिलेला आकडा धरा, आणि त्यात कॅरियरचं वजनही मोजा. छोट्या गाड्या बहुधा इथेच अडकतात.

दोघंच जाणार असाल तर मात्र बिनधास्त छोटी घ्या. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, आखूड असल्याने उंचवट्यावर पोट सहसा टेकत नाही, अरुंद वाटेवर गाडी चटकन वळते. तंबू जमिनीवर लावा. पाण्याचे कॅन मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, फरशीवर पट्ट्याने आवळून बांधा.

गाडीतच झोपायचं असेल तर मोठी लागेल. पण घेण्याआधी सीट पाडून स्वतः आडवे होऊन बघा. पाडलेल्या सीटची पायरी पाठीत रुतते आणि तिच्यावर फळी टाकली की डोक्यावरची जागा कमी होते.