नागपुरात तिखट घरी करायचं तर ऊन कधी, ड्रायर कधी

तिखट घरी करायचं ठरवलं की लोक मला आधी विचारतात, मिरची वाळवायची मशीन, म्हणजे ड्रायर, कोणती घेऊ? मी उलट विचारते, करणार कोणत्या महिन्यात? मार्च ते मे करणार असाल तर पैसे खिशात ठेवा. नागपुरात मेपर्यंत पारा ४३-४४ च्या वर जातो, हवेत ओलावा नावाला नसतो, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तर स्लॅबवर पाय ठेववत नाही. एवढं ऊन फुकट पडून असताना वीज जाळायची गरजच काय? ड्रायरचं काम उरलेल्या महिन्यांत आहे, आणि तो निवडायचाही त्या महिन्यांच्या हिशोबानं.

आधी मिरचीचं बोलू. मी नंदनवनात राहते, ऑर्डरवर तिखट-मसाले करून देते, त्यामुळे फेब्रुवारी सरला की कळमन्याची किंवा इतवारीतल्या मिरची बाजाराची फेरी ठरलेली. घरच्या तिखटाला एकच मिरची घेऊन भागत नाही. रंगाला ब्याडगी, झणक्याला तेजा आणि मधला भार उचलायला भिवापुरी, असं माझं गणित आहे. किलोभर तिखटाला अर्धा किलो भिवापुरी, ३०० ग्रॅम ब्याडगी, २०० ग्रॅम तेजा घ्या, वर देठांची घट जाईल तेवढी जास्त धरा. लेकरं खाणार असतील तर तेजा निम्मी करून ब्याडगी वाढवा. तर्री-पोह्यांवर जो लाल तवंग दिसतो तो ब्याडगीचा, कारण मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. भिवापुरीला भौगोलिक मानांकन आहे, पण अस्सल वाण आता सहज हाती लागत नाही. त्या नावानं संकरित मिरची खपते, म्हणून ओळखीच्या अडत्याकडूनच घ्या.

घेताना पोत्यातली वरची मिरची बघून भुलू नका. हात आत घालून खालची काढा. एक मिरची मोडा, उभी चिरा आणि उजेडासमोर धरा. साल पातळ कागदासारखी, उजेड आरपार दिसणारी हवी. देठाच्या बाजूला, जिथे बिया पांढऱ्या पडद्याला चिकटलेल्या असतात, तिथे करडी-काळी भुकटी किंवा कापसासारखे तंतू दिसले तर तो माल सोडा. ती बुरशी आहे. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं आणि ते भाजून, दळून जात नाही. बाहेरून मिरची मस्त लाल दिसत असते, म्हणूनच तोडून बघायची. जास्तच गडद, ओलसर आणि जड मिरची बहुतेक वेळा वजनासाठी पाणी मारलेली असते. आणि तिखटपणा बियांत असतो हा समज सोडून द्या, तो त्या पांढऱ्या पडद्यात असतो.

वाळलेली मिरची आणली तरी दळण्याआधी दोन कडक उन्हं दाखवायचीच. खाली ताडपत्री नको, तिच्यावर घाम धरतो. जुनी सुती साडी अंथरा. वरून पातळ मलमल टाका, कारण भर दुपारचं उघडं ऊन रंग उडवतं. धूळ बसत नाही हा फायदा वेगळा. संध्याकाळी उचलून आत आणा. एप्रिल-मेमध्ये आभाळाचा भरवसा नाही, अवकाळीचा एक शिडकावा पुरेसा होतो. देठं ऊन दाखवून झाल्यावर खुडा, आधी नाही. भिवापूर-मांढळकडच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरचीची देठं खुडायच्या जागांवर, बायका दिवसभर हेच काम करतात, त्यांचा हात बघितला की आपली किलोभर मिरची म्हणजे काहीच नाही असं वाटतं.

आता ड्रायर. डिसेंबर-जानेवारीत बाजारात ओली लाल मिरची येते, तेव्हा नागपूरचं ऊन मऊ असतं आणि रात्री दव पडतं. पावसाळ्यात तर साठवलेली मिरचीही मऊ पडते. ओल्या मिरचीत सत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणजे किलोची पाव किलोच्या आसपास उरते. ते पाणी लवकर गेलं नाही तर बुरशी आधी पोचते. इथे मशीन हवी.

दुकानदार ट्रे मोजून दाखवतो. तुम्ही पंखा बघा. गोल, एकावर एक ट्रे रचायच्या मशीनमध्ये पंखा आणि हीटर बहुधा तळाशी असतात. फळांसाठी ठीक आहे, मिरचीला नाही. बी ट्रेच्या जाळीतून खाली पडतं, हीटरवर जळतं आणि अख्खं घर खोकायला लागतं. शिवाय खालचा ट्रे करपतो, वरचा ओलाच राहतो, दर दोन तासांनी अदलाबदल करत बसा. पंखा मागच्या बाजूला असलेली, दार उघडायची चौकोनी मशीन घ्या. महाग पडते, पण हवा सगळ्या ट्रेंवरून सारखी फिरते.

दुसरं, थर्मोस्टॅट. फक्त चालू-बंदचं बटण असलेली घेऊच नका. तापमान ३५ ते ७० अंशांपर्यंत बदलता आलं पाहिजे. मिरचीला ५५ ते ६० बरोबर. ७० वर लावली की साल वरून कडक होते आणि आतलं पाणी आतच कोंडतं. आकड्यावर विश्वास न ठेवता ओव्हनचा साधा थर्मामीटर रिकाम्या मशीनमध्ये अर्धा तास ठेवून बघा.

ट्रे स्टीलचेच. प्लास्टिकमध्ये मिरचीचा वास मुरतो, आणि मग त्याच ट्रेवर वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्या कोणी खात नाही. माझ्या मामेबहिणीला याचा चांगलाच अनुभव आहे. एक गोष्ट दुकानात कोणी सांगणार नाही: लाईट जाऊन आली की डिजिटल मशीन पुन्हा आपोआप सुरू होते का, हे विचारून घ्या. बऱ्याच होत नाहीत, आणि सकाळी उठून बघावं तर मिरची अर्धवट. गोल फिरवायचं बटण असलेली साधी मशीन या बाबतीत बरी. विजेचं म्हणाल तर ४०० वॅटची मशीन १० तास सलग चालली तरी ४ युनिट.

मिरची देठासकट धुवा, पुसून कोरडी करा, मग देठ काढून उभी दोन फाका करा. अख्खी ठेवली तर वेळ दुपटीच्या आसपास जातो. एका थरातच पसरा, फूटभर ट्रेवर पाव किलो खूप झाली. ८ ते १२ तास लागतात. मशीन गॅलरीत ठेवा, बंद स्वयंपाकघरात नाही, आणि घरात दम्याचं माणूस असेल तर खिडकीपासूनही लांब. थंड झालेली फाक वाकायला नको, टचकन तुटली पाहिजे. खात्री नसेल तर काचेच्या बरणीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी आत धुकं धरलं असेल तर परत मशीनमध्ये. अन्नसुरक्षेच्या नियमांत तिखटाला ११ टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही. घरी मोजायचं साधन नसतं, म्हणून ही बरणी.

कुटायला कांडप सगळ्यात बरं, मिरची तापत नाही म्हणून वास टिकतो. किलोला चमचाभर शेंगदाण्याचं तेल चोळून द्या, भुकटी कमी उडते. चक्कीवर देणार असाल तर आधी कोणाचं काय दळलं ते विचारा. थोडंच हवं असेल तर मिक्सर चालतो, पण थांबत थांबत फिरवा आणि भांडं उघडायच्या आधी पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. चाळून राहिलेली जाड भुकटी पुन्हा फिरवायची.

सगळी मिरची एकदम दळू नका. अख्खी जास्त टिकते, दोन-तीन महिन्यांपुरतीच दळा. तिखट चिनी मातीच्या बरणीत, दाबून, वर हिंगाचा खडा ठेवून अंधारात. रोजचं वेगळ्या लहान डब्यात काढा, म्हणजे वाफेचा चमचा मोठ्या बरणीत जात नाही. हात भगभगले तर पाणी ओतू नका. आधी तेल चोळा, मग साबण लावा, आणि तोवर डोळ्यांना हात लावू नका.