सोलापूरहून थिबा पॅलेस बघायला निघताना

सगळ्यात आधी वार बघा. रत्नागिरीच्या थिबा पॅलेसमध्ये पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असतं. आपली मंडळी शनिवारी निघतात, रविवारी गणपतीपुळे करतात आणि राजवाडा ‘परतताना बघू’ म्हणून सोमवारवर ढकलतात. तसं ठरवलंत तर फाटकाबाहेरूनच फोटो काढावे लागतील. जोडून सरकारी सुट्टी आली असेल तर आधी फोन करून विचारलेलं बरं.

रेल्वेनं जायचं म्हटलं तर पनवेलचा वळसा पडतो, त्यापेक्षा रस्ता सरळ: मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि पुढे आंबा घाट. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. घाट उजेडात उतरता येईल अशा बेतानं निघा, नाहीतर कोल्हापुरात मुक्काम करा. आपल्याला सपाट रस्त्यांची सवय. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी आलेपाक आणि गोळी वरच्या कप्प्यात हवी, डिकीत नको. जुलै-ऑगस्ट टाळाच. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा याच दोन महिन्यांत.

कपडे सुती घ्या आणि एक जोड जास्तीचा घ्या, कारण तिकडे रात्री वाळत घातलेला टॉवेल सकाळीही दमटच सापडतो. सोलापुरी चादर घरीच राहू द्या. शेंगाचटणी बिनधास्त न्या. कडक भाकरी मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर खाडीच्या हवेत सादळून तिचा कडकपणा जातो.

आता खरी तयारी, जिच्यावर कोणी पाच मिनिटं खर्च करत नाही. हा वाडा राजाच्या सामानानं भरलेला नाही. गोष्ट डोक्यात न घेता गेलात तर अर्ध्या तासात बाहेर याल आणि ‘नुसत्या खोल्याच तर आहेत’ म्हणाल. म्हणून गाडीतच पोरांना सांगून ठेवा. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. त्याला राणीसह आधी मद्रासला आणि 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. शेवटच्या मोगल बादशहाला दिल्लीहून रंगूनला नेलं होतं, याला ब्रह्मदेशातून इकडे आणलं. आपल्या माणसांत कोणाला राहू द्यायचं नाही, हा इंग्रजांचा हिशेब. वाडा तयार झाला 1910 मध्ये आणि 1916 मध्ये राजा वारला. तीस वर्षांच्या कैदेतली जेमतेम सहा वर्षं त्याला या घरात मिळाली. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे, तिच्यासाठी वेगळा वेळ काढा.

त्याच दिवशी टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर बघा. क्रमही असाच ठेवा, आधी राजवाडा, मग टिळकांचं घर. मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत होता आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक 1908 ते 1914 मंडालेच्या तुरुंगात. राजा नव्या वाड्यात राहायला गेला त्याच सुमारास, 1910-11 च्या हिवाळ्यात, टिळक तिकडे गीतारहस्य लिहीत होते. दोन्ही घरं एकाच दिवसात पाहिली की हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

लोक या वास्तूला व्हिक्टोरियन म्हणतात. काटेकोर बोलायचं तर राणी 1901 मध्येच गेली होती. पण थाट तिच्याच जमान्यातल्या साहेबी बंगल्यांचा आहे. लाल भिंती, उतरती छपरं, कोरीव लाकडी अर्धवर्तुळाकार खिडक्या, त्यात रंगीत काचा. नाचाच्या दिवाणखान्यात खाली संगमरवर आहे. मागच्या बाजूची बुद्धमूर्ती बहुतेकांची राहून जाते. नजर तयार व्हावी म्हणून निघण्यापूर्वी एकदा आपलं इंद्रभुवन नीट पाहून घ्या. अप्पासाहेब वारदांची ती वास्तू साधारण याच काळातली. महापालिकेत काम असलं की आपण तिथं जातो, पण मान वर करून कमानी बघत नाही. तिथल्या हौसेच्या नक्षीशेजारी थिबाचा वाडा काहीसा सरकारी वाटेल, आणि कैद्यासाठी सरकारनंच बांधला म्हटल्यावर वाटणारच.

तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा. कॅमेऱ्याचं खिडकीवरच विचारून घ्या. सोबत आजी-आजोबा असतील तर जिने आहेत हे त्यांना आधीच सांगा. दुपारी उशिरा आत गेलात तर तिथून थिबा पॉइंट जवळ पडतो; भाट्याची खाडी, पूल आणि समुद्र एका नजरेत दिसतात. त्या दिवशी मुक्काम रत्नागिरीतच हवा. मे महिन्यात गेलात तर आंब्याच्या पेट्या निघायच्या दिवशी सकाळीच घ्या, आणि डिकीत त्यांच्यासाठी जागा जातानाच मोकळी ठेवा.